वाफेला तीन वस्तू लागतात

एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा
९ डिसेंबर २०२४

चि. मेघा,

आधी यादी लिहितो, मग कारण.

१९९६ साली सायकलच्या रिमवर बसवलेला धान उफणायचा पंखा. गावच्या नळयोजनेच्या मोटारीचं वायंडिंग, चार वेळा; चौथ्यांदा भरलेलं अजून चालू आहे. तलावाची पातळी वाढली की वाजणारा भोंगा. धानाची ओल मोजायचं यंत्र, बाजारच्या यंत्राशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळणारं. साकोली रस्त्यावरच्या, धान वाफवून उसना तांदूळ करणाऱ्या मिलमधलं वाफेचं पॅनल. आणि ते पॅनल जिच्यात चालतं ती भाषा. तिचं नाव बांधी. आपल्या धानाच्या शेतातल्या बांधीला चारी बाजूंनी मातीचे धुरे असतात आणि पाणी ठरलेल्या तोंडानंच आत येतं, तसं. ओळी चार हजार एकशे बारा. हे सगळं कोणत्याही शाळेत न शिकता.

ही यादी मी शुक्रवारी कारखाने तपासणीच्या साहेबांपुढे तोंडपाठ म्हणून दाखवली. त्यांनी विचारलं होतं, "शिक्षण?" मी म्हटलं, दहावी नापास, गणितात ब्याऐंशी, इंग्रजीत एकोणतीस. त्यांनी फक्त "दहावी नापास" लिहिलं.

झालं ते असं. मंगळवारी, ३ तारखेला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी टाकी नंबर दोनमध्ये वाफ सुटली. झाकण उघडं होतं. आपल्या आळीतला नत्थू आत वाकून भिजलेल्या धानाचा नमुना काढत होता. दाणा दाताखाली धरून पाहतात ना, पुरता भिजला की नाही, त्यासाठी. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, चेहऱ्याची डावी बाजू भाजली. डाव्या डोळ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. तो भंडाऱ्याला दवाखान्यात आहे.

मिलमालक इश्वरभाऊ म्हणतो, नत्थूनं घाई करून व्हॉल्व्हचं हातचाक स्वतः फिरवलं. तसं ठरलं तर नत्थूला कवडी मिळणार नाही, उलट त्याच्याच अंगावर येईल. नत्थू म्हणतो, चाकाला हात लावला नाही, वाफ आपोआप आली. तसं ठरलं तर दोष माझ्या पॅनलचा. माझा जबाब १० जानेवारीला आहे.

माझं पॅनल असं करू शकत नाही. वाफेच्या फंक्शनला तीन वस्तू लागतात: कोणती टाकी, किती मिनिटं, आणि झाकण बंद की उघडं. बांधीमध्ये प्रत्येक फंक्शनचा करार असतो. तीनच्या जागी दोन दिल्या तर ते हलत नाही, आणि चूक देणाऱ्याची की घेणाऱ्याची, ते नोंदीत लिहून ठेवतं. झाकण उघडं असं कळलं तरी हलत नाही.

तू पुण्यात दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायचं काम करते. बांधी आणि पॅनलचा प्रोग्राम मी ज्या रजिस्टरात हातानं लिहिला आहे, त्याच्या त्रेसष्ट पानांच्या झेरॉक्स सोबत आहेत. तपास, आणि कंपनीच्या कागदावर नाही तर साध्या कागदावर पण सहीनं लिहून दे की दोन वस्तूंवर वाफ उघडत नाही.

माझा फोन पॅनलला जोडायचो म्हणून साहेबांनी जमा केला. तुझ्या मामीच्या फोनवर हे बोलता येत नाही. ती बाजूला बसून ऐकते आणि मग जेवत नाही.

तुझा मामा,
कृष्णराव कापगते


पुणे
१४ डिसेंबर २०२४

मामाजी, नमस्कार.

पाकीट बुधवारी मिळालं. तीन दिवस ऑफिसातून आल्यावर तेच टाइप करत बसले. तुमचं अक्षर इतकं सुबक आहे की चार हजार ओळींत मला फक्त एकदा "७" की "१" असा प्रश्न पडला. एकही खाडाखोड नाही. आमच्याकडे पंचवीस जणांची टीम असं लिहीत नाही. हे मी लाडानं म्हणत नाही.

तुम्ही लिहिलं ते खरं आहे. मी वाफेला दोनच वस्तू दिल्या. उत्तर आलं: "वाफ: तीन हव्या, दोन आल्या. दोष बोलावणाऱ्याचा." चार दिल्या, तेव्हाही नाही म्हटलं. मी सव्वीस प्रकारे फसवून पाहिलं. रजिस्टरमधली बांधी फसत नाही.

पण सहीचा कागद पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारते, रागावू नका.

त्या दिवशीच्या नोंदीत काय आहे? त्या सकाळी वाफ मागितली कोणी, तुमच्याच पॅनलनं की दुसऱ्या कशानं? आईनं सांगितलं की ऑक्टोबरमध्ये मिलमध्ये नागपूरहून नवा स्क्रीन आला. आणि तिसरं, मशीनमध्ये जे आहे ते रजिस्टरमध्ये आहे तेच आहे ना?

नत्थूमामा सुटीत आम्हाला तलावावर शिंगाडे काढून द्यायचे. त्यांना भेटलात का?

मेघा


एकोडी
१९ डिसेंबर २०२४

चि. मेघा,

क्रमानं उत्तर देतो.

नोंद. पॅनलला सील लागायच्या आधी मी ती हातानं उतरवून घेतली, नाहीतर तीही गेली असती. ३ डिसेंबर, सकाळी सहा दहापासून दहा वीसपर्यंत एकही तक्रार नाही. पान कोरं. याचा अर्थ सरळ आहे. चुकीच्या पद्धतीनं वाफ कोणी मागितलीच नाही. मग उरतं काय? चाक.

दुसरा प्रश्न. स्क्रीन आला, खरं आहे. मनिष नावाच्या पोरानं नागपूरहून येऊन लावला. ठरलेल्या वेळी ठरलेल्या टाकीला आपोआप वाफ, असं वेळापत्रक. माझ्या वाफेच्या फंक्शनलाच तो बोलावतो. त्याला तुझ्या मामीच्या मोबाइलवरून फोन केला. तो म्हणतो, "काका, मी करारात सरळ लिहिलं होतं ना, दोन वस्तू घेणारं फंक्शन द्या म्हणून. टाकी अन् मिनिटं. तुमच्या भाषेनं मान्य केलं. तिनं नाही म्हटलं असतं तर मी तिथंच थांबलो असतो, तुम्हाला विचारलं असतं."

मी म्हटलं, "माझी भाषा दोनाला मान्य करूच शकत नाही."

"केलं ना काका. माझ्याकडे फोटो आहे."

खोटं बोलतो आहे. आजकाल फोटो कसेही बनतात.

तिसरा प्रश्न तू विचारायला नको होता. रजिस्टर म्हणजेच मशीन.

नत्थूला भेटलो. रविवारी भंडाऱ्याला गेलो. दोन्ही हात पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेले, दुसऱ्या कोणाचे आणून ठेवावेत तसे. म्हणाला, "भाऊ, चाकाले मी हात नाही लावला जी. लावला असता तर सांगतलो असतो. तुमाले तरी खोटं कायले सांगू?"

मी म्हटलं, "नत्थू, नोंद कोरी आहे."

तो म्हणाला, "म्हणजे काय जी?"

मी उठलो. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको उषाबाई होती. माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुमची मशीन लिहून ठेवते म्हणे सारं. मंग तिले इचारा ना भाऊ. आमाले काहून इचारता?" मी बस पकडून परत आलो. एकोडीला उतरायचं सोडून साकोलीपर्यंत गेलो आणि तिथून चालत आलो. कळलंच नाही.

आपल्या आळीत लोक मला पाहून बोलणं थांबवतात. पंचवीस वर्षं ज्यांच्या मोटारी भरल्या, ते. सहीचा कागद लवकर पाठव. चाक ठरलं नाही तर पॅनल ठरेल, आणि पॅनल ठरलं तर यादीतलं काहीच माझं राहणार नाही.

कृष्णराव


पुणे
२४ डिसेंबर २०२४

मामाजी,

सहीचा कागद पाठवत नाही. का ते नीट लिहिते. कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

मनिष खोटं बोलत नसावा. त्याचा करार होता: "दोन वस्तू घेणारं फंक्शन द्या." रजिस्टरमधली वाफ तीन घेते, दोनावर चालत नाही. म्हणजे ऑक्टोबरमध्ये, स्क्रीन लावला त्याच दिवशी, बांधीनं ते फंक्शन त्याच्या हातात देण्याआधीच अडवायला हवं होतं. वाफ सोडायची वेळ यायच्याही आधी. अडवलं नाही. तेव्हा मशीनमध्ये बसलेली वाफ दोन वस्तूंवरही चालणारी होती.

असं कधी होतं? तुमच्याच पान ४१ वर एक सोय आहे. "नसल्यास." एखादी वस्तू दिली नाही तर तिच्या जागी काय धरायचं, ते लिहायची. पंपाच्या टायमरसाठी तुम्ही ती केली: मिनिटं नसल्यास दहा. अशी सोय असलेलं फंक्शन दोन वस्तूंवरही चालतं आणि तीनवरही. म्हणून "दोन घेणारं द्या" म्हटलं की करार तपासतो, दोन चालतात का? चालतात. मान्य. "तीन घेणारं द्या" म्हटलं तरी मान्य. दोन्ही वेळा करार खरंच बोलतो. वस्तू किती, एवढंच तो मोजतो. कोणती राहिली, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं.

मी वाफेच्या पहिल्या ओळीत तेवढंच घालून पाहिलं: झाकण, नसल्यास बंद. दोन वस्तू दिल्या. वाफ सुटली. नोंदीत एक अक्षर आलं नाही.

मामाजी, कोरी नोंद म्हणजे कोणी मागितलंच नाही, असं नाही. मागितलं, आणि मशीनला त्यात काही चूक दिसली नाही. झाकण उघडं आहे हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि न सांगितलं तर बंद समजायचं, हे आधीच कोणीतरी तिला शिकवून ठेवलं होतं.

ते "नसल्यास" कोणी घातलं? मशीनमधल्या प्रोग्रामची जुनी नक्कल असलेलं कार्ड तुमच्याकडे असेलच. तुम्ही नक्कल ठेवत नाही असं मी मानणारच नाही. त्यात पाहा.

तुमची,
मेघा


एकोडी
३० डिसेंबर २०२४

मेघा,

पत्र मिळालं.

कार्ड सापडत नाही. घातलं असेल तर मनिषनं घातलं.

तू पुण्यात बसून मले शिकवू नको. ही भाषा मी लिहिली, तू नाही. नऊ वर्षं लागली. करार काय मोजतो अन् काय मोजत नाही, ते मले माहीत आहे.

जबाब तयार केला आहे. दोन ओळींचा आहे. नोंद कोरी, सबब यंत्रानं वाफ सोडली नाही. यात एकही शब्द खोटा सिद्ध करून दाखव.

नत्थूचा डावा डोळा गेला. काल कळलं.

यावर आता लिहू नको.

कृ.


पुणे
४ जानेवारी २०२५

मामाजी,

लिहू नको म्हणालात, तरी लिहिते. दहा तारखेला फार दिवस नाहीत.

मामींना फोन केला होता. त्यांना काही विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, "तुया मामानं छताचा पंखा तीनदा खोलला अन् तीनदा लावला. पंख्याले काहीच झालं नाही वं. विचारलं तर म्हणते, आवाज येऊन राहिला. मले तर कोणताच आवाज येत नाही." आणि म्हणाल्या की तुम्ही ताटावर बसता, भात कालवता आणि उठता.

मनिषकडे तुमचा पासवर्ड नव्हता. मी त्याला शोधून विचारलं. तो तुमच्या फंक्शनला बोलावू शकत होता, आत लिहू शकत नव्हता. आत लिहिणारा माणूस एकच होता.

मी तुमची परीक्षा घेत नाही. मी स्वतः असं "नसल्यास" रोज लिहिते. कंटाळा म्हणून, घाई म्हणून, साहेब मागे उभे आहेत म्हणून. माझ्या "नसल्यास"खाली आजवर कोणाचे हात आले नाहीत, हे माझं नशीब. हुशारी नाही.

तुमच्या दोन ओळींत खोटा शब्द एकच आहे: "सबब". नोंद कोरी, हे खरं. त्यावरून पुढचं निघत नाही. हे मला कळतं तर तुम्हाला माझ्या आधी कळलं असणार.

सोबतच्या कागदावर मी पाहिलं तेवढंच लिहिलं आहे. रजिस्टरमधली वाफ दोनावर उघडत नाही. "नसल्यास बंद" घातलं तर उघडते आणि नोंद होत नाही. खाली सही आहे. साहेबांना द्यायचा की फाडायचा, तुम्ही ठरवा. मी कोणाला दुसरी प्रत पाठवलेली नाही आणि पाठवणारही नाही.

घरी या. किंवा मी येते. पण काही खा.

मेघा


एकोडी
१२ जानेवारी २०२५

चि. मेघा,

कार्ड हरवलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून माझ्या शर्टाच्या खिशात होतं. तुझं चोवीस तारखेचं पत्र यायच्या आधीच मी ते उघडून पाहिलं होतं. नत्थूला पहिल्यांदा भेटून भंडाऱ्याहून आलो, त्याच रविवारी. तुला १९ तारखेला "रजिस्टर म्हणजेच मशीन" लिहिलं ते पाहिल्यानंतर लिहिलं. हे तुला माहीत असावं.

ते कसं झालं ते आता सांगतो. साहेबांना सांगितलं त्याहून थोडं जास्त.

दोन वर्षांमागचा, २०२२ चा नोव्हेंबर. पॅनलचा पहिला हंगाम. त्या मिलमध्ये त्यांच्या घराण्याची एक रीत आहे. हंगामाच्या पहिल्या वाफेला झाकण उघडं ठेवतात. इश्वरभाऊची म्हातारी आई लांब उभी राहून नव्या धानाची मूठ आणि हळद वाफेत टाकते. वाफ मिनिटभरच, अगदी बारीक. पूर्वी चाकानं सोडायचे. त्या वर्षी इश्वरभाऊ म्हणाला, यंदा कापगतेची मशीन सोडेल. साकोलीहून पाहुणे आले होते, भंडाऱ्याचे व्यापारी होते, खुर्च्या मांडल्या होत्या. मी नवा पांढरा शर्ट घातला होता.

बटण दाबलं. मशीननं नाही म्हटलं. झाकण उघडं, वाफ नाही. बरोबरच होतं तिचं, मीच तसं शिकवलं होतं. पण पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. म्हातारी मूठ धरून उभी. कोणीतरी मागून म्हणालं, "चाकच फिरवा ना जी, इंजिनेराले चहा पाजा." सगळे हसले. इश्वरभाऊही हसला.

मी कीबोर्ड ओढून बसलो. झाकण उघडं असताना "बंद" असं हातानं टाइप केलं असतं तर काम भागलं असतं. ते माझ्यानं होईना. मशीनशी मी कधी खोटं बोललो नाही. म्हणून खोटं लिहायचं टाळलं आणि न लिहायची सोय केली. झाकण, नसल्यास बंद. तीन मिनिटं लागली. दोन वस्तूंनी बोलावलं, वाफ आली, म्हातारीनं मूठ टाकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, उद्या काढून टाकू.

दुसऱ्या दिवशी ड्रायरची मोटार जळाली. मग हंगाम अंगावर आला. माझं पॅनल नेहमी तिन्ही वस्तू देत होतं, म्हणून दोन वर्षं काही झालं नाही. आणि रजिस्टरमध्ये ते लिहिलं नाही, कारण ते पान शाईनं लिहून झालं होतं. खोडलं असतं तर पान खराब झालं असतं. तुला आवडलेलं ते बिनखाडाखोडीचं रजिस्टर, ते असं.

परवा साहेबांसमोर कार्ड ठेवलं, तुझा कागद ठेवला, आणि हे सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय लिहून देताय?" मी म्हटलं, शब्द मी सांगतो, तुम्ही लिहा, चाकाला नत्थूनं हात लावला नव्हता, यंत्रानं वाफ सोडली, यंत्राला तसं मी शिकवलं होतं. त्यांनी सगळं लिहिलं. दोन ठिकाणी माझं वाक्य बदललं होतं, ते मी परत लिहायला लावलं. माझ्यावर गुन्हा दाखल होईल. वकील शोधावा लागेल. पॅनल काढून भंगारात टाकायचं ठरलं आहे. नळयोजनेच्या मोटारीसाठी ग्रामपंचायतीनं कालच लाखनीचा माणूस बोलावला.

तिथून नत्थूकडे गेलो. त्यालाही सगळं सांगितलं, मूठ, हळद, टाळ्या, सगळं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी टाळ्या वाजवाले मी बी होतो जी." आणि तोंड भिंतीकडे केलं. मी उभा राहिलो. त्यानं परत वळून पाहिलं नाही. उषाबाईनं पाणी दिलं नाही. द्यायला पाहिजे असं मलाही वाटलं नाही.

मेघा, मले झोप नाही. डोळा मिटला की ती एक ओळ दिसते. चार हजार एकशे बारा ओळींत एक शब्द. माणूस म्हणेल, एकच शब्द आहे, सोड. मले सोडता येत नाही. बाकीच्या ओळी कोणाच्या कामाच्या, तेही आता समजत नाही. तुझी मामी मात्र काल प्रथमच माझ्याबरोबर जेवायला बसली. "आता पंखा खोलू नका," एवढंच म्हणाली.

तू येऊ नको. रजा वाया घालवू नको. वकिलाचं नाव माहीत असेल तर कळव.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, साहेबांनाही नाही, मामीलाही नाही. आठ तारखेला दुपारी इश्वरभाऊ एकटा घरी आला होता. खाटेवर बसला, चहा घेतला. म्हणाला, "कृष्णराव, नत्थूचं जे व्हायचं थे होऊन गेलं. त्याचा डोळा काही तुमच्या खऱ्यानं वापस येणार नाही. तुमी चाक म्हणा. कार्ड मले द्या. माझ्या दुसऱ्या तीन मिलमध्ये तुमचंच पॅनल बसवतो, तुमच्याच भाषेचं, तुमच्या नावाची पाटी लावून. पैसे आजच." पाटीसाठी माझं नाव कसं लिहायचं, तेही त्यानं विचारलं. मी कार्ड खिशातून काढलं होतं, मेघा. हातात होतं. पुष्कळ वेळ होतं. मग मी नाही म्हटलं. त्यानं सांगितलेला आकडा अजून तोंडपाठ आहे: तीन पॅनल, प्रत्येकी तीन लाख दहा हजार. एकूण नऊ लाख तीस हजार.

तुझा मामा,
कृष्णराव